डब्यात मऊ न पडणारी गोड-तिखट भरली मिरची

ठाण्यात कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आम्ही नऊ जणी. वर्षातून एकदा, डिसेंबर संपायच्या आत, कर्नाळ्याला जातो. नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून पनवेलची लोकल, पुढे पेणच्या बाजूची एसटी, आणि अभयारण्याच्या दाराशी उतरायचं. कोणी काय आणायचं ते ठरलेलं आहे. दशम्या एकीच्या, तिळाची चटणी एकीची, ताक एकीचं. आणि पोहोचल्यावर चटया पसरेपर्यंत प्रत्येकीच्या हातात द्यायचा पहिला घास माझ्याकडे: गोड-तिखट भरलेल्या भावनगरी मिरच्या, माणशी दोन.

पहिल्या वर्षी मी त्या घरी करते तशाच केल्या होत्या. सारणात ओलं खोबरं, परतलेला कांदा, चिंचेचा कोळ आणि गूळ. झाकण ठेवून वाफ आणली आणि गाडी गाठायची म्हणून गरमच डब्यात भरल्या. कर्नाळ्याला डबा उघडला तेव्हा झाकणाच्या आतून थेंब गळत होते. मिरच्या लिबलिबीत झाल्या होत्या, तळाशी गुळाचं तपकिरी पाणी साचलं होतं आणि खोबऱ्याला आंबूस वास यायला लागला होता. मी डबा लावून टाकला. दोघी-तिघी म्हणाल्या, "अगं, एवढ्याने काय होतंय, दे." पण मी दिला नाही. बाहेरगावी कुणाचं पोट बिघडलं तर ते माझ्या हातचं खाऊन बिघडायला नको होतं.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी ३० वर्षं सहाय्यक होते. प्रयोग फसला की सामान धुवायला टाकण्याआधी काय झालं ते वहीत लिहायचं, ही तिथली सवय. त्या रात्री लिहिलं: पाणी कुठून आलं? मिरचीचं स्वतःचं पाणी, कांद्या-खोबऱ्याचं पाणी, चिंचेचा कोळ, गुळाला सुटलेलं पाणी, झाकणाखालची वाफ आणि डब्यात कोंडलेली वाफ. सहा वाटा. पुढची सगळी कृती म्हणजे या सहा वाटा एकेक करून बुजवणं आहे, आणि ती सहा-सात हिवाळे मी अशीच करते आहे.

मिरच्या आणताना

जांभळी नाक्याच्या मंडईत "भजीच्या मिरच्या" म्हटलं की पोपटी, लांब, जाड सालीची मिरची पुढे येते, तीच भावनगरी. पण मी "भरायच्या आहेत" असं आधी सांगते. भजीला वाकडी मिरची चालते, भरायला सरळ लागते. वाकडीला चीर दिली की ती वळणावर फाटते आणि सारण तिथूनच बाहेर येतं. ज्या मावशींकडून मी घेते त्या आता मला टोपलीतून निवडू देतात. नऊ-दहा सेंटिमीटर लांबीची, सगळ्या साधारण एका मापाच्या, देठ हिरवा आणि ताठ, साल ताणलेली. देठाशी सुरकुती दिसली तर ती मिरची दोन दिवसांची जुनी असते. अर्ध्या किलोत अशा १८ ते २० येतात. नऊ जणींना माणशी दोन, वर एखाद-दुसरी फाटली तर हिशेब जुळतो.

ढोबळी मिरची घेऊ नका. भावनगरी आणि ढोबळी या एकाच जातीच्या, कॅप्सिकम ॲन्युअम, पण ढोबळीचं पोट मोठं. भरली की ती भाजी होते आणि खायला ताटली लागते. चटईवर बसून, देठाला धरून, दोन घासांत संपेल अशीच मिरची सहलीला बरी.

आदल्या संध्याकाळी मिरच्या धुवायच्या आणि फडक्याने एकेक पुसायच्या. मग कोरड्या पंचावर पसरून रात्रभर ओट्यावर ठेवायच्या. ओली मिरची तेलात तडतडते हे तर आहेच, पण देठाच्या खोबणीत अडकलेला थेंब पुसल्याशिवाय जात नाही.

शिरा काढायच्या, बिया नव्हे

सकाळी चीर द्यायची. देठापासून एक सेंटिमीटर सोडून सुरुवात आणि टोकाच्या एक सेंटिमीटर आधी थांबायचं. सुरीचं टोक फक्त एका बाजूच्या सालीतून जाईल इतकंच. मग चहाच्या चमच्याचं मागचं टोक आत घालून मधला पांढरा गर आणि पांढऱ्या शिरा खरवडून काढायच्या.

तिखटपणा बियांत असतो असं सगळेच समजतात. पण तिखटपणा आणणारं द्रव्य, कॅप्सेसिन, तयार होतं ते बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात. बियांना ते शेजाराने लागतं. म्हणून नुसत्या बिया झटकून उपयोग नाही, शिरा गेल्या पाहिजेत. भावनगरी सौम्य खरी, पण प्रत्येक वाट्यात एखादी तरी जहाल निघते आणि ती वरून ओळखता येत नाही. आमच्यातल्या तिघींना तिखट हवंच असतं, त्यांच्या सहा मिरच्यांच्या शिरा मी निम्म्या ठेवते. खूण म्हणून त्यांचे देठ लांब ठेवायचे आणि बाकीच्यांचे अर्धे कापायचे. डबा पुढे गेला की लांब देठ कुणाचे हे सगळ्यांना माहीत असतं.

हे काम करण्याआधी बोटांना गोडं तेल चोळून घ्या. झाल्यावर पुन्हा तेल चोळा आणि मग साबण लावा. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही, त्यामुळे नुसतं पाण्याने हात धुऊन डोळ्याला लावला तर आग होतेच.

कर्नाळ्याला दरवर्षी मला एका गोष्टीची आठवण होते. सस्तन प्राण्यांना कॅप्सेसिन झोंबतं, पक्ष्यांना ते जाणवत नाही. रानमिरची पक्षी खातात, बी चावत नाहीत आणि दूर जाऊन टाकतात. मिरचीने आपल्यासारख्यांना दूर ठेवण्यासाठी तिखटपणा धरला आणि आपण तीच हौसेने भरून पक्ष्यांच्या अभयारण्यात नेतो. मला याचं फार कौतुक वाटतं.

शिरा काढल्यावर आतून अगदी बारीक मीठ चोळायचं. सगळ्या मिरच्यांना मिळून सपाट एक छोटा चमचा. चीर खाली करून पंचावर पालथ्या घालायच्या, २० मिनिटं. मीठ आतलं पाणी ओढून घेतं आणि ते फडक्यात उतरतं. पंचा उचलून बघा, प्रत्येक मिरचीखाली ओला डाग दिसेल. मग आतून फडक्याने टिपून घ्यायचं. धुवायचं नाही, धुतलं तर केलेलं काम वाया जातं.

सारण

माझी वाटी १५० मिलिलिटरची आहे, मोजनळीने मोजून घेतली आहे. अर्धा किलो मिरच्यांना एक वाटी लाडवाचं जाडसर बेसन, पाऊण वाटी दाण्याचं कूट, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, तीन पोह्याचे चमचे तीळ, ६० ग्रॅम किसलेला गूळ, दोन छोटे चमचे आमचूर, दीड छोटा चमचा गोडा मसाला, एक छोटा चमचा लाल तिखट, एक छोटा चमचा बडीशेप जाडसर कुटून, अर्धा छोटा चमचा ओवा, हिंग, हळद, आणि मीठ फक्त अर्धा छोटा चमचा, कारण मिरचीला आतून लागलेलं आहे. तेल सारणाला तीन पोह्याचे चमचे, भाजायला दोन.

कांदा, लसूण, ओलं खोबरं, कोथिंबीर यातलं काहीच नाही. चिंचेच्या जागी आमचूर, कारण चिंच पाण्याशिवाय कोळता येत नाही.

बेसन दोन चमचे तेलावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजायचं. घाई इथे करू नका. रंग किंचित बदलतो, लाडू करताना येतो तसा वास घरभर होतो, उलथनं हलकं फिरायला लागतं, तेव्हा झालं. कच्चं राहिलं तर गार मिरचीत ते टाळूला चिकटतं. शिवाय मिरची तव्यावर गेली की तिला पुन्हा थोडं पाणी सुटणारच, ते पिऊन घ्यायचं काम या भाजलेल्या बेसनाचं. तीळ आणि खोबरं वेगवेगळं कोरडं भाजून हाताने चुरडायचं. दाणे खरपूस भाजून, सालं पाखडून, भरड कूट. बारीक पूड केली तर दाण्याला तेल सुटून सारणाचा लगदा होतो.

उरलेल्या एक चमचा तेलात मोहरी, हिंग, ओवा, बडीशेप, हळद. गॅस बंद करून तिखट आणि गोडा मसाला, म्हणजे जळत नाही. ही फोडणी बेसनावर ओतायची, कूट, तीळ, खोबरं, आमचूर आणि मीठ मिसळायचं. आणि मग थांबायचं. परातीत पसरून हाताला कोमट लागेपर्यंत गूळ घालायचा नाही. गरम सारणात गूळ वितळून पाक होतो, आणि गार झाल्यावर सारणाचे खडे होतात. कोमट सारणात किसलेला गूळ चोळला की तो प्रत्येक कणाला नुसता चिकटतो. चिक्कीचा गूळ वापरू नका, तो चिवट असतो. साधा, हाताने सहज किसला जाणारा कोल्हापुरी गूळ घ्या.

आता मुठीत दाबून बघा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर बरोबर. गोळाच होत नसेल तर आणखी अर्धा चमचा तेल. पाण्याचा हबका मारायचा मोह होतो, हातही त्या सवयीनेच वाटीकडे जातो, पण एकदा पाणी घातलं की आतापर्यंतची मेहनत गेली.

चव घ्यायची ती सारण पूर्ण गार झाल्यावर. तिखट ही खरं तर चव नव्हे. जिभेवरच्या ज्या संवेदकाला (रिसेप्टरला) चटका कळतो त्यालाच कॅप्सेसिन चेतवतं. हा संवेदक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आणि तो शोधायला त्यांनी कॅप्सेसिनच वापरलं होतं. म्हणून गरम मिरची जास्त झोंबते आणि गार झाली की तीच सौम्य लागते. गोडही गार पदार्थात दबतं. घरी गरमागरम सारण चाखून गूळ नेमका झाला असं वाटलं, तर सहलीत तो कमीच पडतो. वर दिलेलं ६० ग्रॅमचं माप गार खाण्यासाठीचं आहे. घरी गरम भातासोबत खाणार असाल तर ४५ पुरे.

हे सारण मी आदल्या दिवशी करून कोरड्या बरणीत ठेवते.

तव्यावर

मिरचीत सारण पाऊणच भरायचं, दाबून नव्हे. बेसन पाणी पिऊन फुगतं, ठासून भरलं तर चीर उलते.

बिडाचा तवा, दोन चमचे तेल, मध्यम ते मंद आच. मिरच्या चीर वर करून एका थरात मांडायच्या, म्हणजे १८ मिरच्या दोन घाण्यांत. झाकण ठेवायचं नाही. घरी आपण झाकतो, कारण आपल्याला मऊ भाजी हवी असते. इथे वाफ उडून जायला हवी. तीन-चार मिनिटांनी चिमट्याने एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर. सालीवर तपकिरी डाग आले पाहिजेत, आणि मिरची चिमट्यात धरल्यावर थोडी वाकून परत सरळ व्हायला हवी. सपाट पडली तर जास्त झाली. शेवटी आच अगदी बारीक करून चीर खाली, फक्त अर्धा मिनिट. तेवढ्यात बेसन-गुळाची पातळ खरपूस कड धरते आणि चीर आपोआप बंद होते. तवा सोडून जाऊ नका, एका मिनिटाला गूळ करपतो आणि तो कडवटपणा लपत नाही. एका घाण्याला साधारण बारा मिनिटं लागतात.

ऐरोलीला माझी लेक हेच एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर दहा मिनिटं करते, मिरच्यांना बाहेरून तेलाचा हात लावून. कोरडी हवा फिरत असल्याने पाण्याचा प्रश्न तिथे कमी येतो, हे मला मान्य करावं लागलं. तव्याची खरपूस कड मात्र तिच्या मिरचीला नसते.

गार करणं आणि डबा

इथेच बहुतेकांचं बिघडतं, माझंही इथेच बिघडलं होतं. तव्यावरून काढलेल्या मिरच्या ताटात ठेवू नका, ताटाला टेकलेल्या बाजूने घाम येतो. जाळीवर ठेवा. माझ्याकडे पुरणाची मोठी चाळण आहे, ती पातेल्यावर पालथी घालते, पंखा लावते आणि पाऊण तास हात लावत नाही. तळहात मिरचीच्या अगदी जवळ नेऊन ऊब लागते का बघायचं. जरासुद्धा लागली तरी थांबायचं. यासाठी वेळ मागे मोजून ठरवा. सातच्या सुमाराची लोकल असेल तर पावणेसहाला दुसरा घाणा उतरला पाहिजे, म्हणजे पावणेपाचला मिरच्यांना चीर.

डबा स्टीलचा, आतून पुसून कोरडा. तळाशी केळीचं पान, पुसून गॅसवर हलकं शेकलेलं, म्हणजे ते चिरत नाही. दोन थरांमध्ये पुन्हा पान. पान मिळालं नाही तर धुतलेला सुती रुमाल. वर्तमानपत्र नको. शाई तेलात उतरते, अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही वर्तमानपत्रात अन्न गुंडाळू नका असं पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे.

शिजलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ठाणे ते कर्नाळा आमचे त्याहून जास्त तास जातात. म्हणून मी रात्री पाण्याच्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवते आणि जाड कापडी पिशवीत डब्याच्या दोन्ही बाजूंना ठेवते. बाटल्यांना बाहेरून पाणी सुटतं, म्हणून प्रत्येक बाटली जुन्या टॉवेलच्या तुकड्यात. दुपारी तेच गार पाणी प्यायला होतं. एप्रिल-मेच्या उन्हात मी हा पदार्थ बाटल्या घेऊनसुद्धा नेत नाही. आणि डब्यात उरलेली मिरची संध्याकाळी घरी आणून खायची नाही. तशी ती उरत नाही.

आदल्या रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवलेल्या मिरच्याही एकदा नेऊन पाहिल्या. टिकतात उत्तम. पण साल सुरकुतते आणि बेसन कोरडं पडून घशाशी अडतं. पहाटे उठणं ज्यांना जमणारच नाही त्यांनी तसं करावं, मात्र सारणात तेल एक चमचा वाढवावं.

नातवंडांबरोबर उपवनला किंवा तलावपाळीला जायचं असेल, म्हणजे घरातून निघाल्यावर तासाभरात खाणं होणार असेल, तर आणखी एक प्रकार करते. लाल-पिवळ्या छोट्या गोड मिरच्या हल्ली मोठ्या दुकानांत मिळतात, महाग असतात पण मुलांना रंगाने आवडतात. त्या उभ्या अर्ध्या कापून, किसलेलं पनीर, थोडं दाण्याचं कूट, मीठ आणि जिरेपूड भरायची, भाजायचं नाही. वरून दोन चमचे गूळ एक चमचा पाण्यात वितळवून त्यात चिमूटभर सुकी लाल मिरची भरडून घातलेला पाक, प्रत्येकीवर दोन थेंब. हा पाक वेगळ्या बाटलीत न्यायचा आणि वाढताना घालायचा. पनीर मात्र थंडच राहिलं पाहिजे, कर्नाळ्याच्या प्रवासात मी ते नेण्याचं धाडस करणार नाही.

तिथे पोहोचल्यावर

डबा उघडण्याआधी माकडं कुठे आहेत ते बघा. बाकीच्या पिशव्यांची तोंडं बांधलेली हवीत आणि एकीने पिशव्यांपाशी बसावं. माकडांना काही टाकू नका, देठसुद्धा नाही.

मिरची देठाला धरून टोकाकडून खायची. कुणाला जहाल लागलीच तर पाणी देऊ नका, ताक द्या. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून घेऊन जातं, पाणी ते नुसतं तोंडभर पसरवतं. म्हणून ताकाची बाटली मिरच्यांच्या डब्याबरोबरच बाहेर काढायची, जेवणाची वाट बघायची नाही. दशमीत गुंडाळूनही मिरची फार सुरेख लागते. दुधात भिजवलेल्या दशमीचा मऊपणा आणि मिरचीची कड. आमच्यातल्या दोघी पहिली मिरची हातात खातात आणि दुसरी दशमीसाठी राखून ठेवतात.

देठ मोजून डब्यात परत. नऊ जणींचे अठरा. घरी आले की ते कुंडीतल्या खतात जातात, आणि बरणीच्या तळाशी उरलेलं सारण रात्री कच्चं तेल घालून गरम भातावर.